पडद्यावरचे ठिपके

माझे यजमान प्रवासी बस चालवतात. परवा चष्म्याचा नंबर वाढलाय का, एवढंच बघायला आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो होतो. साखरेच्या आजारावरच्या गोळ्या ते आठवण करून दिली तरच घेतात, हे मी डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं. त्यांनी डोळ्यांत थेंब घातले, फोटो काढला आणि कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला.

केशरी रंगाचा एक गोल होता. त्यात बारीक लाल शिरा आणि जागोजागी रक्ताचे ठिपके, पिवळट डाग.

"हा डोळ्याचा मागचा पडदा. साखरेमुळे शिरा झिरपायला लागल्यात," बाई म्हणाल्या.

सव्वीस वर्षं मी या डोळ्यांत बघत आलेय. त्यांतला राग, जागरण, खोटं बोलतानाची चुळबुळ, सगळं मला ओळखू येतं. आणि त्यांच्या मागे हे चाललं होतं! वरून डोळे तेच, स्वच्छ, हसरे. इतक्या जवळचा माणूससुद्धा आपल्याला किती वरवर दिसतो.

"पण मला तर सगळं नीट दिसतंय," हे म्हणाले.

"दिसतंय तोवर आलात, हेच नशीब. आता उपचार सुरू करू. मी सांगेपर्यंत बस चालवायची नाही."

मला वाटलं, आता हे वाद घालणार. पण ते डोळे बारीक करून त्या ठिपक्यांकडे बघत राहिले. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, काल घाटात माझ्या गाडीत चाळीस माणसं होती."