बाबांच्या टेबलावरचा लॅम्प
१२ ऑक्टोबर. दिवाळीच्या साफसफाईत अकोटच्या घरी माळ्यावर पितळी दांड्याचा टेबल लॅम्प सापडला. काही वर्षांपूर्वी तो मी अमरावतीहून इथे बाबांसाठी आणला होता. त्यांचं लिहायचं टेबल साठच्या दशकातलं, सागवानी, बुटकं, तिरप्या सडपातळ पायांचं. त्यावर उंच लॅम्प शोभला नसता, म्हणून बेताच्या उंचीचा, साध्या कापडी शेडचा शोधून घेतला. लॅम्प आणलाय म्हटल्यावर बाबा हसले, “अमरावतीची फॅशन आणली का वं?” दिवेलागणीला मी बटण दाबलं. सागाचा जुना रंग उजळून निघाला. घरात साधा बल्ब लागला तरी हात जोडणारे बाबा तसेच बसून राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, “लाव ना वं माय, अंधार पडला असंन.” मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. “बाबा, दिसत नाही हे सांगितलं काहून नाही?” “तुले सांगितलं असतं, तर सारं सोडून धावत आली असती.” मग त्यांनी चाचपडत लॅम्प शोधला, शेडची ऊब बोटांना लागली, तेव्हा हात जोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलाच्या चारही टोकदार कोपऱ्यांना जुन्या चादरीच्या पट्ट्या घट्ट बांधल्या.