वेदीपुढचं कोहळं

दर गुरुवारी संध्याकाळी पिपरी मेघे गावात कुणाच्या ना कुणाच्या घरी आमचा बायबल अभ्यास भरतो. तो चालवतात गुरुजी. ते मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, पण गणित काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. कोणताही उतारा ते तीन पायऱ्यांत सोडवतात: अर्थ, बोध आणि लागूकरण. लागूकरण म्हणजे वाचलेलं आठवडाभरात खरोखर करून बघायचं आणि पुढच्या गुरुवारी उभं राहून सगळ्यांना सांगायचं. ज्यानं केलं नाही त्याला गुरुजी रागवत नाहीत. नुसतं "बरं" म्हणतात. ते "बरं" मग रविवारपर्यंत कानात बसून राहतं.

या लागूकरणापायी आमच्या मंडळीत बरंच काही घडलेलं आहे. पाखरं कशी उद्याचा घोर न लावून घेता जगतात, तो उतारा झाला तेव्हा आमच्यातल्या एका भाऊंनी तो फारच मनावर घेतला. नळ आमच्याकडे एक दिवसाआड येतो. त्या दिवशी भाऊ खुर्ची टाकून अंगणात बसले आणि ड्रम भरायला उठलेच नाहीत. पुढच्या गुरुवारी साक्ष द्यायला भाऊ उभे राहायच्या आत त्यांची बायको उभी राहिली.

"गुरुजी, पाखरं भांडे घासत नाईत," ती म्हणाली आणि खाली बसली.

गुरुजींनी थोडा विचार केला आणि पाखरंसुद्धा पाण्यापर्यंत उडत जातात, असा एक बोध जास्तीचा जोडून दिला.

मी मात्र या लागूकरणाला कधी घाबरले नव्हते. गरिबाला द्या, आजाऱ्याला भेटा, जिभेला आवर घाला, सगळं मी जमेल तसं करत आले. जिभेचं तेवढं अर्धवट राहिलं. पण हंगामाच्या सणाआधीच्या गुरुवारी गुरुजींनी जो उतारा काढला तो ऐकून माझ्या हातातला चहाचा कप हातातच राहिला. वेदीपाशी अर्पण घेऊन आलात आणि तिथं आठवलं की आपल्या माणसाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेवा, आधी जाऊन समेट करा आणि मग या, असा तो उतारा. गुरुजी वाचत होते आणि खोलीतले सगळे अगदी काळजीपूर्वक माझ्याकडे बघायचं टाळत होते.

कारण माझी जाऊ. ती आणि मी एका भिंतीच्या दोन बाजूंना राहतो. वयानं ती माझ्यापेक्षा बरीच मोठी. मी लग्न होऊन आले तेव्हा मला धड वरण येत नव्हतं, वाटण किती बारीक करायचं इथपासून सगळं तिनं शिकवलं. मी ऑफिसला जायला लागले तेव्हा माझी मुलगी तिच्याच कडेवर वाढली. अशा जावेशी मी मुलीच्या साखरपुड्यापासून एक शब्द बोलले नव्हते.

साखरपुड्याला मटन कमी पडलं. मी केटरर बोलावला होता, अंदाज मीच दिला होता आणि शेवटच्या पंगतीला नुसता रस्सा आला. होतं असं. पण त्यानंतरच्या रविवारी काय झालं ते ऐका. आमच्या देवळात, चर्चला आम्ही देऊळच म्हणतो, उपासनेच्या शेवटी ज्याला वाटेल त्यानं मोठ्यानं प्रार्थना करायची पद्धत आहे. सगळे डोळे मिटून असतात. पुढच्या बाकावरून जावेचा आवाज आला. पाच भाकरींत हजारोंना जेवू घालणाऱ्या प्रभू, आमच्या घराण्यावर पुन्हा तशी पाळी आणू नकोस, आणि जिला अंदाज येत नाही तिला चार माणसांना विचारण्याची सुबुद्धी दे. सगळं देऊळ "आमेन" म्हणालं. सवयीनं मीही म्हणाले. ते माझं स्वतःचं आमेन मला सगळ्यात जास्त झोंबलं.

बाहेरच्यांना कल्पना नसेल, पण आमच्यात भांडणाचा हा फार जुना मार्ग आहे. तोंडावर बोललं तर भांडण होतं. तेच देवाला सांगितलं तर प्रार्थना होते आणि समोरच्याला उत्तरही देता येत नाही.

आता मुलीचं लग्न जानेवारीत होतं आणि मुलगी हटून बसली होती. "मोठी आई हळद लावन तरच मी हळद लावून घेईन," ती म्हणाली. "नाईतं तशीच जाईन चर्चमंदी." तिचा हट्ट कुणावर गेलाय हे मला माहीत आहे. म्हणजे जावेचे पाय धरल्याशिवाय लग्नाला रंग चढणार नव्हता, आणि पाय धरायला मी काही तयार नव्हते. तिची आठवण मला येत नव्हती असं नाही. भिंतीपलीकडून फोडणीचा वास आला की यायची, रोज यायची. पण आधी तिनं बोलावं.

शनिवारपर्यंत मी त्या उताऱ्यातून वाट शोधून काढली. मी सरकारी ऑफिसात कारकून आहे, नियमाला बगल कशी द्यायची ते आम्हाला शिकवावं लागत नाही. उताऱ्याप्रमाणे समेट कुणी करायचा? जो अर्पण आणतो त्यानं. मी अर्पण आणलंच नाही तर? हंगामाच्या सणाला आमच्याकडे प्रत्येक घरातून शेतातलं, परसातलं काहीतरी वेदीपुढे नेऊन ठेवतात. आमच्या गच्चीवर एक लाल भोपळा झाला होता, आमच्याकडे त्याला कोहळं म्हणतात. चांगलं दोन हातांत न मावणारं कोहळं. मी नवऱ्याला सांगितलं, या वर्षी हे तुम्ही न्या, तुमच्या नावानं.

"माह्या नावानं काऊन?" नवरा म्हणाला.

"तुमचं कोणाशी भांडण नाई म्हणून."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, कोहळ्याकडे पाहिलं आणि गाडीची किल्ली घेतली. इतक्या वर्षांत तो कधी वाद घालायचं शिकला नाही.

रविवारी देऊळ गच्च भरलं होतं. वेदीपुढे संत्री, पपया, तुरीच्या शेंगा, सोयाबीनची गोणी आणि पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. आमचं कोहळं मधोमध बसलं होतं. जाऊ नेहमीप्रमाणे बायकांच्या पहिल्या बाकावर, मी नेहमीप्रमाणे शेवटच्या पंख्याखाली. शास्त्रवाचन त्या दिवशी गुरुजींकडे होतं. त्यांनी गुरुवारचाच उतारा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, ज्याला कुणाची आठवण झाली असेल त्यानं उशीर करू नये.

त्यांचा अर्थ एवढाच असणार की हा आठवडा जाऊ देऊ नका. पण गुरुवारच्या मंडळीला त्यांनी स्वतःच जे वळण लावलं होतं ते इथं आडवं आलं. ड्रमवाले भाऊ उठले. "माहा साडू जाम गावाले राह्यते," असं शेजाऱ्याला सांगून ते सरळ दाराबाहेर गेले. त्यांच्या मागे आणखी दोघं उठले. मग सगळ्यांच्याच लक्षात आलं की जो बसून राहील तो आपलं कुणाशीच वाकडं नाही अशी शेखी मिरवतोय असं दिसेल. झालं. बाकंच्या बाकं रिकामी व्हायला लागली. ज्यांचं कुणाशी भांडण नव्हतं तेही उगाच लगबगीनं निघाले. बाहेर गाड्यांना किक मारल्याचे आवाज. उपासना चालवणारे पाळकसाहेब हात वर करून "अहो, आधी अर्पण" एवढंच म्हणत होते. मग गुरुजींनाच हिंगणीला राहणारा आपला भाऊ आठवला. ते खाली उतरले आणि माझ्या नवऱ्यापाशी येऊन म्हणाले, मला गाडी येत नाही, सोडता का.

नवरा जाताना वाकडी वाट करून माझ्या बाकापाशी आला. "मी चाललो," तो हळूच म्हणाला. "कोहळं आता तुह्यं हाय." माझ्या कायद्याची वाट अशी लागली.

देवळात उरलं कोण? पाळकसाहेब, कोंबड्या, ज्यांना उठवत नाही अशा तीन-चार म्हाताऱ्या, पुढच्या बाकावर जाऊ आणि शेवटच्या बाकावर मी. आम्हा दोघींना कुठं जायला जागाच नव्हती. जिच्याकडे जायचं ती आतच बसलेली.

पाळकसाहेबांना काय करावं सुचेना. "आपण तोवर प्रार्थना करू," ते म्हणाले. "ज्याला प्रेरणा होईल त्यानं करावी." आम्ही डोळे मिटले. प्रेरणा कुणाला होणार हे मला ठाऊकच होतं.

"हे दयाळू पित्या," जावेनं सुरुवात केली, "तुझ्या मंदिरात आज आम्ही थोडेच उरलो आहोत. काहींना उठता येत नाही म्हणून, काहींना उठायचं नाही म्हणून."

या वेळी मात्र मी गप्प बसले नाही. "हे सर्वज्ञ परमेश्वरा," मी म्हणाले, "जे पहिल्या बाकावर बसूनही उठत नाहीत त्यांचंही अंतःकरण तू जाणतोस."

"आमेन," पाळकसाहेब घाईनं म्हणाले. कुणी ऐकलं नाही.

"प्रभू, मी जे सांगतलं ते तुले सांगतलं होतं," जाऊ म्हणाली. पुस्तकी भाषा तिची पहिल्या दोन वाक्यांतच संपली होती. "लोकायनं कान देऊन ऐकलं तं मी काय करू?"

"प्रभू, तू काई बहिरा नाईस," मी म्हणाले. "तिनं मनातल्या मनात सांगतलं असतं तरी तुले ऐकू आलं असतं."

एका म्हातारीनं "आमेन" म्हटलं, अगदी मनापासून. एक कोंबडी फडफडली. मला वाटलं, जिंकले.

"प्रभू," जाऊ म्हणाली, पण आता आवाज खाली गेला होता, "मटन कमी पडलं त्याचं मले काई नाई. ज्या पोरीले मी न्हाऊ घातलं तिच्या साखरपुड्यात मी पाव्हण्यावानी खुर्चीवर बसली होती. वाढाले ऊठ म्हणून कोणी मले म्हणलं नाई. परके पोरं वाढून राह्यले होते आन मी पाहून राह्यली होती."

हे मला माहीत नव्हतं. मटनाचं उत्तर माझ्याकडे तयार होतं, याचं नव्हतं.

"प्रभू," मी म्हणाले, "तिले सांग, तिचे गुडघे दुखतात म्हणून मी केटरर बोलावला होता. आमच्या घरच्या कार्यात तिले कधी बसून जेवताना मी पाह्यलं नाई. एक दिवस तिनं बसून जेवावं एवढंच माह्या मनात होतं."

"मंग तसं सांगाचं होतं ना, प्रभू," जाऊ म्हणाली.

मी डोळे उघडले. आमेन व्हायच्या आत डोळे उघडू नयेत हे लहानपणापासून शिकवलेलं आहे, पण उघडले. जाऊ मान वळवून माझ्याकडेच बघत होती, आणि तिचे डोळे कधीचे उघडे होते कोण जाणे. पदरानं नाक पुसत होती. मी उठले आणि चालत पुढे गेले. तीही गुडघ्यावर हात ठेवून उठली.

"आमेन," पाळकसाहेब म्हणाले, आणि या वेळी सगळ्यांनी त्यांना साथ दिली. मग त्यांनी वेदीकडे बोट दाखवलं. "आता तुमचं अर्पण द्या. उताऱ्यात तसंच आहे."

कोहळं मला एकटीला उचलेना. जावेनं दुसरी बाजू धरली. ते जड कोहळं मधे घेऊन आम्ही दोघी पाळकसाहेबांकडे निघालो, आणि अर्ध्या वाटेत ती थांबली. देवाला मधे न घालता ती माझ्याशी बोलली.

"जानेवारीतल्या मटनाचं कोणाले सांगतलं?"

"कोणालेच नाई," मी म्हणाले. "तुले विचाराचं होतं."