चिंधी बांधलेला नळ

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मी ठाण्यात पाणीखात्यात कारकून होतो. एका उन्हाळ्यात पाणी फारच कमी पडलं आणि साहेबांनी मला गावभर फिरायला लावलं. घरं, खानावळी, रस्त्यावरचे नळ, सगळीकडे बघायचं आणि पाणी कुठे वाया जातं ते लिहून आणायचं. जिथे नासाडी, तिथला नळ बंद होणार होता. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे पळवाट काढीन.

सुरुवात आमच्याच आळीपासून केली. सकाळी नळ यायच्या आधी घरोघरी कालचं उरलेलं पाणी ओतून द्यायचे, हंडे-कळशा चिंचेनं लख्ख घासायचे आणि ताजं भरायचे. आईनं जवळजवळ भरलेला हंडा मोरीत उपडा केला तेव्हा मी म्हटलं, "आई, अगं टंचाई आहे."

"मग? शिळं पाणी देवाला घालू? तू पिशील का ते?"

मी कागदावर आळीपुढे 'ठीक' लिहिलं.

स्टेशनाजवळच्या खानावळीत ताटं वाहत्या नळाखाली विसळत होते. मालकांनी चहा पाजला. "जरा जपून हं," मी म्हणालो. "हो हो, म्हणजे काय!" ते म्हणाले. नळ चालूच होता. तिथेही 'ठीक'.

मग कोपरीकडच्या खाडीलगतच्या कोळीवस्तीत गेलो. तिथला एकुलता एक नळ गळत होता. कुणीतरी तोटीला चिंधी बांधून तिचं टोक खाली मडक्यात सोडलं होतं. चिंधीवरून पाणी आवाज न करता उतरत होतं. एक पोक्त कोळीण भरलेलं मडकं काढून रिकामं ठेवत होती.

"आतला वायसर गेलाय रं दादा. कवापासून सांगतोय, कोन येत नाय. पन थेंब सांडू देत नाय आमी. ह्यात टोपल्या धुतो."

मी वाकून पाहिलं. मडक्याभोवतीची जमीन कोरडी होती.

कागदावर लिहिलं : नळ गळका, पाण्याची नासाडी.

का लिहिलं? सगळीकडे 'ठीक' लिहून साहेबांसमोर जाता येत नव्हतं. आणि त्या वस्तीतलं कुणी आईला हळदीकुंकवाला भेटणार नव्हतं. याहून मोठं कारण मी इतकी वर्षं शोधतोय, सापडत नाही.

चार दिवसांत नळ बंद झाला. बायका रुळांपलीकडच्या विहिरीवर जाऊ लागल्या. ती कोळीण मासळी विकून आली की भर उन्हात दोन हंडे घेऊन निघायची. एकदा तिनं मला वाटेत गाठलं.

"दादा, तू बगून गेलास ना? सांग ना सायबाला, जमीन सुकी व्हती म्हून."

"सांगतो," म्हणालो. सांगितलं नाही.

पावसाळ्यात गावाला पाणी पुरवणारा तलाव भरला, बंद केलेले सगळे नळ सुरू झाले, तोही झाला. नवा वायसरही बसला. त्यात माझा काडीचाही हात नव्हता. पण गणपती गेल्यावर मासळीबाजारात तिनं मला पाहिलं आणि ओरडली, "ह्यो बगा! ह्यानं आमचं पानी आनून दिलं!" ओंजळभर कोलंबी पानात बांधून माझ्या पिशवीत टाकली. पैसे घेईना. "आईला दे," म्हणाली.

आईनं हौसेनं कालवण केलं. "कोळीण फुकट देते? असं काय काम केलंस रे एवढं?"

"काही नाही," मी म्हणालो. त्या सगळ्या प्रकरणात मी बोललेलं तेवढंच खरं. आणि दोनदा वाढून घेतलं.

नंतर मी त्या बाजारातच जाईनासा झालो. बऱ्याच वर्षांनी, आई गेल्यानंतर, एकदा गेलो. तिच्या जागेवर तिची सून बसली होती. माझ्याकडे टक लावून बघत म्हणाली, "तुमीच ना ते पान्याचे दादा? सासू दावायची मला तुमाला, रस्त्यानं जाताना. गेली ती औंदा. लय आठवन काढायची तुमची."

इथे तरी बोलायचं होतं. ओठांवर आलं होतं.

"हो का?" मी म्हणालो.

कोलंबीचे पैसे तिनंही घेतले नाहीत.