गच्चीच्या दाराला कडी

सोमवारी सकाळी नऊ चाळीसला दलीला बेजावी आपल्या गच्चीवर चादर बांधत होती. समुद्रकाठच्या बिझर्ट शहराचा वारा फेब्रुवारीत कुणाचं ऐकत नाही. एक टोक कठड्याला बांधून होईपर्यंत दुसरं तिच्या तोंडावर येऊन आपटत होतं. शेवटी तिने खालच्या टोकांना हरीसाच्या, म्हणजे लाल मिरचीच्या चटणीच्या, दोन भरलेल्या बरण्या लटकवल्या, तेव्हा कुठे अक्षरं सरळ झाली : ‘वर्गात अठरा. खिडकी उघडी.’

समोर गल्ली आणि गल्लीपलीकडे शाळेचं पटांगण. त्या शाळेत ती वीस वर्षं गणित शिकवत होती. चार वर्षांपूर्वी धाकट्या भावाने, लुत्फीने, तिला आपलं एक मूत्रपिंड दिलं. शरीराने ते परकं समजून फेकून देऊ नये म्हणून सकाळी आठ आणि रात्री आठ अशा गोळ्या सुरू झाल्या. या गोळ्या शरीराची झुंजण्याची ताकदच कमी करतात. त्यामुळे साथ आल्यावर डॉक्टरांनी एकच सांगितलं : बंद खोलीत गर्दी नको.

शरद ऋतूत शाळा उघडल्या तेव्हा वर्ग निम्मे केले होते. आज अठरा, उद्या उरलेले अठरा. तिने मास्क लावून, खिडकी उघडी ठेवून शिकवलं. जानेवारीत दोन शिक्षक कमी पडले आणि मुख्याध्यापक सी राऊफ, म्हणजे राऊफसाहेब, यांनी तिच्या वर्गाचे दोन्ही गट एकत्र केले. वादळात मोडलेल्या तिच्या वर्गाच्या खिडकीवर फळ्या ठोकल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. तेव्हा तिने घेतलेली आजारपणाची रजा आता संपली होती. निरोप आला : बुधवारी हजर व्हा, नाहीतर जागा सोडली असं धरू.

नोकरी वाचवायची तर मूत्रपिंड पणाला, मूत्रपिंड जपायचं तर नोकरी गेली. शिक्षक संघटना शिक्षण कार्यालयासमोर खांद्याला खांदा लावून बसते. तिला तसं बसता येत नव्हतं. म्हणून तिने दंडाला आंदोलनाची लाल पट्टी बांधली आणि स्वतःच्या गच्चीवर उभी राहिली. मोकळी हवा, आसपास चिटपाखरू नाही.

दहाला मधली सुट्टी झाली. मुलं पटांगणात आली, वर बघू लागली, ‘मादाम दलीला! मादाम दलीला!’ असा ओरडा झाला. इथपर्यंत ठरवल्यासारखं झालं.

मग जिन्यात पावलं वाजली.

संघटनेचे शाखाप्रमुख सी हमादी पुढे, मागे सहा शिक्षक, शेवटी शेजारच्या ज़ुबैदामावशी तळलेल्या गोड कड्यांचं ताट घेऊन. कुणाचा मास्क हनुवटीवर, कुणाचा खिशात.

“एकटी?” सी हमादी हात पसरत म्हणाले. “आम्ही मेलो की काय?”

“तिथेच थांबा, सी हमादी!”

“अगं, गाल तरी पुढे कर. गालाला गाल लावल्याशिवाय भेट कसली?”

दलीला मागे सरकली. ते पुढे आले. ती पाण्याच्या टाकीमागे गेली आणि कपडे वाळत घालायची काठी हातात घेऊन ती तिने भाल्यासारखी धरली.

“एक पाऊल पुढे आलात तर मारीन हं. खरंच मारीन.”

सगळे हसले. ज़ुबैदामावशी म्हणाल्या, “पोरी, गरम आहेत तोवर खा. उपाशीपोटी कसला आलाय मोर्चा!”

“मावशी, ताट खाली ठेवा आणि जा. हात जोडते.”

कुणी गेलं नाही. बाईमाणसाला आंदोलनात एकटं सोडून जायचं म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय नाही. ते जिन्याच्या तोंडाशी बैठक मारून बसले, खाल्लं, घोषणा दिल्या, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढले. जिना अडलेला, त्यामुळे तिला खालीही जाता येईना. बारा वाजेपर्यंत ती टाकीमागे, वाऱ्याच्या तोंडी उभी राहिली. ते गेल्यावर घरातल्या सगळ्या खिडक्या तिने उघडल्या, कठडा साबणाने पुसला, मग हात धुतले, मग पुन्हा कठडा पुसला. बसवत नव्हतं.

संध्याकाळी लुत्फी आला. तो बंदरात लोखंडाचं जोडकाम करतो. तो नेहमीसारखा रस्त्यावरूनच बोलला.

“ऐकलं मी. काठी घेऊन संघटनेवर धावलीस म्हणे?”

“हसू नकोस. उद्या ते दुप्पट येतील.”

“मग दाराला कडी लाव.”

“कडी? लोक माझ्यासाठी येतात आणि मी दार लावू?”

“हे बघ ताई, त्या मालात माझा निम्मा वाटा आहे. मलाही मत आहे. कडी लागणार.”

तो गच्चीवर गेला, ती तेवढा वेळ खाली अंगणात थांबली. त्याने लोखंडी दाराला बाहेरून, गच्चीच्या बाजूने, जाड कडी बसवली आणि निघून गेला.

मंगळवारी पावणेदहाला दार वाजलं.

“दलीला, दार अडकलंय गं.”

“अडकलं नाही, सी हमादी. मी लावलंय.”

“संघटनेला दार बंद?”

“तुमच्या श्वासाला.”

“सत्तावीस वर्षं मी संघटनेत आहे. पोलिसांनीसुद्धा माझ्या तोंडावर दार लावलं नव्हतं.”

“पोलीस तुम्हाला आत ओढत होते. वेगळी गोष्ट आहे.”

कुणीतरी हसलं. सी हमादी हसले नाहीत.

“मग आम्ही काय करायचं? घरी बसायचं?”

“घरी नाही, घरावर. गच्ची कुणाला नाही? आपापल्या गच्चीवर चढा. मला तुम्ही दिसायला हवेत, तुमचा श्वास लागता कामा नये.”

“म्हणजे आपण वेगवेगळं उभं राहायचं? याला आंदोलन म्हणतात?”

“आज तरी यालाच म्हणतात.”

पावलं खाली उतरली. खालचा दरवाजा आपटला. आता संघटनाही गेली, असं तिच्या मनाने घेतलं. ती कठड्यापासून टाकीपर्यंत आणि टाकीपासून कठड्यापर्यंत फेऱ्या घालू लागली. मोबाईल काढला, सी हमादींना काहीतरी लिहिलं, पुसलं.

दहाची घंटा झाली. आसपासच्या गच्च्यांवर डिशच्या तबकड्या आणि वाळत घातलेले कपडे, बाकी काही नाही. मग ज़ुबैदामावशी त्यांच्या गच्चीवर आल्या आणि दोरीवर त्यांनी लाल घोंगडी टाकली. पलीकडे विज्ञानाची शिक्षिका दिसली, दंडाला लाल रुमाल. मग आणखी दोन गच्च्या. सर्वांत शेवटी, मशिदीच्या बाजूला, सी हमादी. गळ्यात लाल टॉवेल, हाताची घडी, तोंड मुद्दाम दुसरीकडे. तिची धरून एकूण सहा गच्च्या. तिला जास्त अपेक्षित होत्या.

पण पटांगणातून पाहिलं तर शाळेच्या तीन बाजूंना लाल दिसत होतं. सी राऊफ पटांगणाच्या मधोमध आले आणि गल्लीपलीकडे ओरडले, “मादाम दलीला, शाळेचा काय तमाशा मांडलाय?”

“खिडकी उघडा, उतरते!”

“फळ्या काढल्या तर वारा आत येतो!”

“तोच हवाय, सी राऊफ!”

मुलं खिदळली. मुख्याध्यापकांनी आजूबाजूच्या गच्च्यांवर नजर फिरवली. मग आवाज थोडा खाली आणून, पण तरी ओरडूनच, ते म्हणाले, “पटांगणाच्या कडेची पडवी घ्या. तीन बाजूंनी उघडी आहे. फळा मी लावून देतो. अठराच पाठवतो, उरलेले परवा.”

“आणि बाकीचे वर्ग?”

“बाकीच्यांचं वरून येईल.”

“कधी?”

त्यांनी हात वर केले.

सी हमादींनी इतका वेळ फिरवलेलं तोंड इकडे केलं आणि दूरच्या गच्चीवरून हात तोंडाशी धरून ओरडले, “घे! नोकरी वाचव! पण चादर काढू नकोस!”

तिने पडवी घेतली. चादर काढली नाही. दुपारी पुन्हा दोनदा गच्चीवर जाऊन तिने पडवीकडे पाहिलं : वारा कुठून येतो, मुलं कुठून आत येतील, टेबल किती लांब ठेवता येईल. संध्याकाळी लुत्फीला फोन केला.

“रात्रीच्या वाऱ्यात चादर फाटेल, आत घेते. उद्या दहाला ती तू बांधशील?”

“बांधीन. बरण्यांतलं खाऊ शकतो का?”

“एका बरणीतलं. वजन लागतं.”

उद्या बुधवार. शाळेचं फाटक पावणेआठला उघडतं, पहिली घंटा आठला होते, आणि तिची सकाळची गोळीही आठचीच आहे. मुलं आत जाईपर्यंत ती फाटकासमोरच्या फुटपाथवर थांबेल, मास्क खाली करून गोळी तिथेच घेईल आणि मग आत जाईल.