मलाईच्या पाठीवरचा डाग

"ही आमची मलाई नाय, डॉक्टर. कुणीतरी बदललीय," जाधवकाका म्हणाले आणि त्यांनी थेट मंदाताईंकडे पाहिलं.

काका पिशोरचे बागायतदार, आता मुक्काम शहरात, गारखेड्यात. डिसेंबरात दोन महिने मुलीकडे पुण्याला जाताना त्यांनी आपली मांजर माझ्या प्राण्यांच्या दवाखान्याच्या बोर्डिंगमध्ये ठेवली होती. बोर्डिंग मंदाताई साळवे सांभाळतात, बारा वर्षं झाली. जाताना मलाईची पाठ सायीसारखी होती. आता तिथे तळहाताएवढा काळपट डाग. काकांचं म्हणणं, असल्या महागड्या मांजरावर कुणाचाही डोळा जातो. बाईंना कामावरून काढा, नाहीतर पोलिसांत जातो.

मंदाताईंचा चेहरा उतरला. मला राग आला, पण मी आवाज चढवला नाही. डाग पाहताच काय झालं असेल ते मला कळलं होतं.

मलाई रॅगडॉल. ही जात साठेक वर्षांपूर्वी अमेरिकेत, कॅलिफोर्नियात तयार झाली. केस मध्यम लांब, पर्शियनइतके नाहीत. डोळे निळे. स्वभाव इतका गरीब, की उचललं की अंग सैल सोडून देते. म्हणून नाव पडलं रॅगडॉल, म्हणजे चिंध्यांची बाहुली. पिल्लं जन्मतात पांढरी. मग कान, तोंड, पाय आणि शेपटी गडद होत जातात, कारण तिथली कातडी जरा गार असते. या जातीत गडद रंग गार कातडीवरच धरतो.

"पाठीवर केस कापायचं मशीन लावलं होतं का?" मी मंदाताईंना विचारलं.

"व्हय. केसांची गाठ झालती, कातडी ओढत व्हती. तेवढंच काढलं. तुमाला सांगायचं राहिलं."

उघड्या पाठीला थंडी लागली आणि नवे केस गडद उगवले, एवढंच. पण केसाला थंडी कळते, हे काकांना काही पटेना. मलाईच्या कातडीखाली ओळख पटवणारी चिपही बसवलेली नव्हती. शेवटी मी म्हणालो, "घरी न्या. उन्हाळ्यात हे केस गळतील, नवे फिकट येतील. नाही आले, तर दवाखान्याची पाटी उतरवतो. तोवर मंदाताई इथंच राहतील." त्या बोलीवर काका तिला घेऊन गेले.

माझी खात्री पक्की होती. मंदाताईंना मात्र लोक काय म्हणतील, याचीच धास्ती. पुढचे चार महिने कुठल्याही मांजराला हात लावायला त्या कचरायच्या. त्याचं मला फार वाईट वाटायचं.

जूनच्या सुरुवातीला काका आले. मराठवाड्याच्या उन्हानं काम चोख केलं होतं, डाग शोधावा लागत होता. काका माझ्याशी न बोलता मंदाताईंसमोर उभे राहिले.

"बाई, चुकलं माझं. आठ दिवस गावाकडं चाललो. ठिवून घेता का हिला?"

मंदाताईंनी मलाईला लगेच घेतलं नाही. आधी मोबाइल काढला. चारी बाजूंनी फोटो घेतले, पाठीचा वेगळा. मग मांजराचं वर्णन लिहिलेला कागद पुढे सरकवला.

"इथं सही करा, काका. मग घेते."

काकांनी सही केली.

तेव्हापासून फोटो आणि सही झाल्याशिवाय आमच्याकडे मांजर आत येत नाही. रंगाचं शास्त्र मला कॉलेजात शिकवलं होतं. दवाखाना कसा चालवायचा, ते मंदाताईंनी शिकवलं.