माफी न मागणाऱ्या बाई

बाईंचा डावा डोळा पांढुरका होता, पण काळा चष्मा त्यांनी कधी लावला नाही. वर्गातला नवा मुलगा टक लावून बघू लागला की म्हणायच्या, "एकदा पाहून घे, मग फळ्याकडे पाह." तरुणपणी त्यांच्या कपाळावर नागीण उठली होती. घरच्यांनी आठ दिवस गेरू लावून मंत्र म्हटले आणि डोळा गेला. भद्रावतीच्या या बाई चिमूरजवळच्या आमच्या गावात विज्ञान शिकवायला आल्या.

पेशीचा धडा त्या जीव ओतून शिकवत. "विषाणू आत शिरला ना, की पेशी स्वतःच मरून जाते. आपण मेलो तरी शेजारचे वाचले पाहिजेत, म्हणून. पण नागिणीचा विषाणू लबाड. तो तिले मरूच देत नाई. जगवते अन् तिच्याकडूनच आपली पिलावळ वाढवून घेते." कांजण्या बऱ्या झाल्यावरही तो मज्जातंतूंत वर्षानुवर्षं दडून राहतो आणि कधीतरी नागीण होऊन बाहेर पडतो, हे आम्हाला त्यांच्यामुळेच कळलं.

मी दहावीत असताना बाबांच्या कपाळावर फोड आले. पापणी सुजली. बाबा तलावात मासे धरायचे, दवाखान्याची त्यांना भीती. गावचा मांत्रिक गेरू कालवून अंगणात बसला होता. मी शाळेत पळाले. बाई खडूच्या हातांनीच आल्या.

"भाऊ, उठा. बस येऊन राह्यली."

मांत्रिक म्हणाला, "नागिणीचं तोंड अन् शेपूट जुळलं तर माणूस मरते. जबाबदारी कोण घेईन?"

"मी घेतो," बाई म्हणाल्या. "माझ्या डोळ्याची कोणं घेतली होती?"

त्याच दिवशी चंद्रपूरला औषध सुरू झालं. बाबांचा डोळा वाचला.

गावाला मात्र राग आला. बाईंनी देवाधर्माचा अपमान केला, अशी तक्रार झाली. सभेत सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. तलावाचा ठेका ज्यांच्या हातात, तेच समोर बसलेले. बाबा मान खाली घालून गप्प राहिले.

बाईंना लेखी माफी मागायला सांगितलं. त्यांनी रेघांच्या कागदावर पेशी, विषाणू, सगळं पुन्हा लिहिलं आणि खाली एक ओळ टाकली: "यात चूक असल्यास दाखवावी, मग माफी मागेन." चूक कोणी दाखवली नाही. बदली मात्र झाली, पार हेमलकशाच्या पलीकडे जंगलात.

बसपाशी मी रडत म्हटलं, "बाबा काऊन बोलले नाई?"

"त्याले याच तलावावर जगायचं आहे. माझं काय, बदलीची नोकरी. ज्याले जमते त्यानं बोलावं."

दोन वर्षांनी शेजारच्या काकूंच्या पाठीवर फोड आले. पुन्हा अंगण भरलं, पुन्हा गेरू कालवला गेला. बाबा गर्दीतून पुढे झाले. "ते ठेव बाजूले," मांत्रिकाला म्हणाले. "मी नेतो हिले चंद्रपूरले."

संध्याकाळी त्यांनी माझ्याकडून बाईंना फोन लावून घेतला.

"बाई, आज मी बोललो."

पलीकडून बाईंनी विचारलं, "फोड कधी आले? औषध सुरू झालं?"

"काल आले. आज सुरू झालं."

"मंग झालं, भाऊ," बाई म्हणाल्या.