आईच्या हिरड्या आणि चार पानांचं संमतीपत्र

“दात चांगले आहेत, हिरड्या गेल्यात,” आईच्या तोंडातला आरसा बाहेर काढत तरुण डॉक्टर म्हणाले. आजाराचं नाव पेरिओडाँटायटिस. म्हणजे हिरडी सैल होते, आतलं हाड झिजतं आणि कीड नसतानाही दात हलून पडतो. आईचे खालचे समोरचे चार दात हलत होते.

आई आष्टीला ब्लाऊज शिवते. वर्षभर ब्रशला रक्त लागत होतं आणि ती उष्णता वाढली म्हणून सब्जा पीत होती. मी वर्ध्याला, पिपरी मेघेत राहते. तिनं दातानं दोरा तोडणं सोडलं तेव्हा मला कळलं आणि मी तिला इथल्या डेंटल कॉलेजच्या दवाखान्यात आणलं. हिरडीतून रक्त येत असेल तर तुम्ही तरी वर्ष घालवू नका.

प्रोब नावाच्या खुणांच्या बारीक सळईनं दातांभोवती हिरडी किती खोल सुटली आहे ते मोजलं. मग डॉक्टरांनी सांगितलं, “आमचं संशोधन सुरू आहे. सफाई दोन्ही बाजूंना करू, औषधाची जेल मात्र एकाच बाजूला भरू. तीन महिन्यांनी दोन्ही बाजू मोजू. आजी, इथे सही.”

आईनं संमतीपत्रावर सही केली. साक्षीदार म्हणून मी केली. माझी नोकरीच कारकुनाची, एक रकाना रिकामा दिसला तरी मी लोकांचे अर्ज परत करते. आणि इथे चार पानं न वाचता सही ठोकून मोकळी झाले. त्याची लाज अजून जात नाही.

तीन महिन्यांनी आम्ही पुन्हा त्याच दवाखान्यात. डॉक्टरांनी सळई घातली आणि थांबले. “मध्ये कोणी दात साफ केले?”

“मीच करून घेतले,” आई अभिमानानं म्हणाली. “घान तोंड घेऊन तुमच्यासमोर कशी बसू? म्हणून परवा आष्टीलेच साफ करून आली.”

पाहुणे यायच्या आधी घर झाडावं, तसं तिनं केलं होतं. मधल्या काळात दुसरीकडे दातांना हात लावू द्यायचा नाही, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

“सगळा डेटा गेला, आता जेलचा फरक कळणार कसा?” डॉक्टर म्हणाले. कार्डावर आडवी रेघ मारली. “तुमची केस बाद. आता दुसरीकडे दाखवा.”

दात अजून हलतच होते. आणि माझी आई हात जोडून म्हणत होती, “चुकलं माह्यं, साहेब.” माझं डोकंच फिरलं. जिचे दात पडायला आलेत तिनं माफी मागायची?

बाहेर बाकावर बसून मी पिशवीतून त्या चार पानांची आमची प्रत काढली. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की मध्ये कुठेही दात साफ करून घेऊ नयेत. त्याच्याच खाली लिहिलं होतं की अभ्यासातून वगळलं तरी नेहमीचे उपचार थांबणार नाहीत. मी सरळ विभागप्रमुख मॅडमच्या खोलीत गेले आणि ते वाक्य मोठ्यानं वाचलं.

मॅडमनी डॉक्टरांना बोलावलं. “यांना हे वाचून दाखवलं होतं?”

डॉक्टर म्हणाले, “ओपीडीत गर्दी होती, मॅडम.”

“मग नियम यांनी मोडला कसा म्हणता? गुरुवारी फ्लॅप सर्जरी लावा.” म्हणजे हिरडी थोडी उघडून मुळं साफ करायची आणि टाके घालायचे.

चारांतला एक दात गेला, तीन टिकले. मॅडमचे उपकार मी मानते. पण हक्काच्या उपचारासाठी उपकार मानावे लागतात, याचा संताप येतो. ज्या बाईची लेक कारकून नाही, ती हात जोडूनच घरी गेली असती.

त्या गुरुवारी शस्त्रक्रियेआधी तेच डॉक्टर नवा कागद घेऊन आले. पेन आईच्या हातात दिला. मी पुढे झाले, तर तिनं मला हातानंच थांबवलं आणि पेन त्यांना परत दिला.

“पयले वाचून दाखवा,” ती म्हणाली. “मले घाई नाई.”

डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि वाचायला लागले. दुसऱ्याच ओळीला आईनं त्यांना अडवलं.

“थांबा. हे ‘गुंतागुंत’ म्हंजे माह्या तोंडात नेमकं काय होते, ते सांगा.”